पप्पा जनरलला आहेत

वाकडमधल्या एका पीजीच्या जिन्यात पप्पांनी खिशातून टेप काढली आणि ते पायरीची उंची मोजायला बसले, तेव्हाच मला तिथून पळून जावंसं वाटलं होतं. वरून दोन मुली खाली येत होत्या. पप्पा कंपनीच्या निळ्या शर्टात पायरीवर उकिडवे. मुली भिंतीला चिकटून, अंग चोरून बाजूने गेल्या आणि खालच्या वळणावर पोचल्यावर खुदकन हसल्या.

"पायऱ्या एकसारख्या नाहीत," पप्पा मान वर करून म्हणाले. "ही साडेसहा इंच अन् ही आठ. घाईत उतरणारं माणूस इथं पडणार म्हणजे पडणार."

"पप्पा, मी इथे राहायची जागा बघायला आलेय. पडायला नाही."

"पडायला कुणीच येत नसतंय बाई," असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्यावर काहीतरी लिहिलं.

तो कागद त्या महिन्यातला माझा सगळ्यात मोठा वैरी होता. पप्पा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला. आलेला माल तपासायचा, चांगल्याला हिरवं लेबल लावायचं, दुरुस्त होण्यासारख्याला पिवळं, टाकाऊला लाल. ओके, रिवर्क, रिजेक्ट. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला जगातल्या सगळ्या वस्तू या तीन रंगांतच दिसायला लागत असाव्यात. आमच्या घरी भाजीवाल्याच्या टोमॅटोपासून आतेबहिणीला आलेल्या स्थळापर्यंत सगळं ओके, रिवर्क नाहीतर रिजेक्ट व्हायचं. माझ्या हॉस्टेलची वेळ आली तेव्हा त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले: जिना, पाणी, उजेड, फायर, अंतर, शेरा. चेकशीट तयार. मी म्हटलं, मला मुली कशा आहेत ते बघायचंय, वायफाय बघायचंय. ते म्हणाले, शेऱ्यात लिहू.

आम्ही निघोज्याला राहायचो. पप्पा परभणीकडून आयटीआय करून आले आणि कंपनी जवळ म्हणून तिथेच राहिले. आधी चाळीतली एक खोली, मग स्वतःच्या दोन. आमच्या घरामागून रात्रंदिवस कंटेनर जायचे आणि आम्हाला त्यांच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. मला प्रवेश मिळाला तो वाकडच्या बाजूच्या इंजिनिअरिंग कॉलेजला, कम्प्युटरला. तोही ओपनच्या जागेवर, राखीव जागेला हातही न लावता. पप्पांनी ते अलॉटमेंटचं पत्र लॅमिनेट करून आणलं. पुढे त्याची झेरॉक्स काढताना काच चमकायची आणि निम्मी अक्षरं गायब व्हायची, पण त्यांना कोण सांगणार.

नकाशात बघितलं तर निघोजे ते वाकड म्हणजे काहीच नाही. नकाशा काढणारा माणूस सकाळी कंपनीच्या बसांच्या वेळेला चाकणच्या चौकात उभा राहिलेला नसणार. आम्ही एक दिवस करून बघितलं. पहिलं लेक्चर पावणेनऊचं. घरून सहाला निघाले, दोन बस बदलल्या, मध्ये एक सहा आसनी रिक्षा, आणि कॉलेजच्या गेटात शिरले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. घाम, धूळ, आणि एका काकूंच्या पिशवीतल्या मेथीचा वास अंगाला. घरी आल्यावर पप्पांनी सगळ्या वेळा लिहून घेतल्या आणि म्हणाले, "हे रोज जमायचं नाही. हॉस्टेलच पाहिजे."

मम्मीने आपला निकाल लगेच दिला. "कॉलेजच्या आवारातलं मिळालं तर जा. बाहेरच्या खोल्या-बिल्या मला नकोत. नाहीतर चाकणच्या बाजूला आहे की कॉलेज. घरून डबा घेऊन जाशील."

त्या जवळच्या कॉलेजात मेकॅनिकलची जागा शिल्लक होती आणि ती महिनाअखेरपर्यंतच राहणार होती. मेकॅनिकल वाईट नाही, आमच्या घरावर छप्पर त्याच्याच जिवावर आलं. पण मला कम्प्युटर पाहिजे होतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्याच्यासाठी घासली होती. म्हणजे सगळा खेळ एका कॉटवर येऊन ठेपला. महिनाअखेरपर्यंत कॉलेजच्या हॉस्टेलात कॉट मिळाली तर कम्प्युटर, नाही मिळाली तर मेकॅनिकल आणि मम्मीचा डबा.

हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नियम लावला होता. सर्वसाधारण जागा आधी लांबच्या जिल्ह्यांतल्या मुलींना. त्या हिशोबात निघोज्याची मुलगी म्हणजे लोकल, रांगेच्या शेपटाला. पण काही जागा एससी मुलींसाठी राखीव होत्या, त्यांची यादी वेगळी आणि अर्जही थोडे. माझं नाव तिथे लागणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. प्रवेशाला मी राखीव जागा वापरली नव्हती, हॉस्टेलला वापरणार होते. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. हक्काची गोष्ट होती.

अर्ज भरायच्या दिवशी पप्पा सोबत आले. फॉर्म नावाची वस्तूच नव्हती. खिडकीमागचा क्लार्क कागद बघून सगळं थेट कम्प्युटरमध्ये भरत होता आणि काचेला पाडलेल्या भोकातून एकेक प्रश्न विचारत होता. त्याच्या डोक्यावरचा पंखा असा खडखडायचा की प्रत्येक प्रश्न दोनदा. आमचा नंबर आला तेव्हा त्याला अलॉटमेंटची आणखी एक झेरॉक्स पाहिजे झाली. लॅमिनेशनची कृपा. मी अख्खी फाइलच बगलेत मारून गेटाबाहेरच्या दुकानात पळाले. तिथे एक मुलगा आपल्या आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून सगळ्याच्या चार-चार प्रती काढत होता. मी परत आले तोवर पप्पा खिडकीपासून बाजूला, हातात पोचपावती आणि चेहऱ्यावर समाधान.

"झालं, झेरॉक्स तेवढी आत सरकव," ते म्हणाले. "साहेब चांगला माणूस आहे. माझी पण चौकशी केली."

कसली चौकशी केली, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. पण मला भूक लागली होती आणि समोर वडापावची गाडी होती.

यादी लागायला वेळ होता. कुठलाही शहाणा माणूस तेवढे दिवस घरी बसला असता. पप्पा म्हणाले, "स्टँडबाय पाहिजे. लाइनवर एक मशीन बंद पडलं तर दुसरं तयार लागतं. मम्मीला मी बघतो." झालं, माझी वरात सुरू झाली. संध्याकाळी साडेपाचला त्यांची सुट्टी. ते घरी येऊन चहा पिणार, मला मोटारसायकलवर मागे बसवणार आणि आम्ही वाकडला, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मान मोडेपर्यंत उंच इमारती आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत पीजीच पीजी.

पहिल्या पीजीचं जिन्यातच लाल लेबल झालं. दुसऱ्यात एका खोलीत सहा कॉट आणि भिंतीला एकच खिळा होता. मालक त्याला 'फुल्ली फर्निश्ड' म्हणत होता. मला वाटलं आता निघू. पण पप्पांनी त्याला विचारलं, "मॉक ड्रिल कधी झालं शेवटचं?"

"काय झालं?"

"आग लागली तर पोरी कुठून बाहेर पडायच्या, याची प्रॅक्टिस."

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पप्पांनी त्याला दहा मिनिटं समजावून सांगितलं की बाहेर पडायच्या दारासमोर गाद्यांचा ढीग ठेवू नये. मग त्याला तो ढीग हलवायलाही लावला आणि एक टोक स्वतः धरलं. राहायचं नव्हतं आम्हाला तिथे! ज्या घरात राहणार नाही त्या घरातल्या गाद्या उचलणारा माणूस माझ्या वाट्याला आला होता. यात भर म्हणून दर अर्ध्या तासाने मम्मीचा फोन. स्टँडबायला तिचा विरोध होता, पण पाणी किती वाजता येतं हे तिला प्रत्येक ठिकाणचं कळायला हवं होतं. दुष्काळात तेरावा महिना.

आणि सगळीकडे ते 'जनरल'. दोन वर्षांपूर्वी पप्पांची तिन्ही पाळ्यांच्या चक्रातून सुटका होऊन ते जनरल शिफ्टला आले होते. सकाळी नऊ ते साडेपाच, रात्री घरी झोप, रविवारी सुट्टी. ज्याच्या घरात कोणी शिफ्टला नाही त्याला याचं अप्रूप कळणार नाही. माझ्या लहानपणी पप्पा आठवड्यातले किती दिवस दुपारी झोपलेले असायचे आणि आम्ही कुजबुजत जेवायचो. त्यामुळे ते जनरलचं कौतुक न विचारता सगळ्यांना सांगायचे. किराणावाल्याला, लग्नात भेटलेल्या व्याह्यांना, एकदा तर तोंडात अवजार असताना दाताच्या डॉक्टरला. "आता जनरलला आहे." पीजीवाल्यांनाही तेच. "कधीही फोन करा, संध्याकाळी घरीच असतो, जनरलला आहे ना." मला त्या शब्दाचा इतका कंटाळा आला होता की ते बोलायला लागले की मी मोबाइल काढायचे.

तिसरा पीजी मला मनापासून आवडला. एका मावशींची तीन मजली इमारत, वाकडच्या जुन्या घरांपैकी एक पाडून बांधलेली. कॉलेज पायी दहा मिनिटांवर. खिडकीत कडुलिंब. खोलीत दोनच कॉट. पप्पांनी जिना मोजला, नळ सोडून बघितला, बटणं दाबली आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी मनातल्या मनात पलंगपोसाचा रंगसुद्धा ठरवला.

मावशींनी आम्हाला चहा दिला. मग समोर बसून त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनला भाऊ?"

पप्पांनी सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. तसलं आडनाव कुठल्याही समाजात सापडतं.

"मूळचं गाव?"

"परभणीकडं."

"म्हंजे तुमी... न्हाई, आपलं इचारलं. आमच्याकडं समद्या चांगल्या घरच्या पोरी हायेत. सैपाक एकाच ठिकानी असतो, म्हनून. तुमच्यात काय, कसं हाय?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. बारावीपर्यंत हा प्रश्न मला कुणी असा चहा देऊन विचारला नव्हता. मी पप्पांकडे बघितलं. आता हा माणूस बोलेल. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा, कंपनीच्या युनियनमध्ये मॅनेजरसमोर बोलणारा माणूस.

पप्पा उठले. भिंतीवर टांगलेल्या, आग विझवायच्या लाल सिलिंडरजवळ गेले, त्याची चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "भरलेला आहे. छान. येतो आम्ही."

बस्स. एवढंच. खाली येऊन त्यांनी गाडीच्या सीटवर कागद ठेवून काहीतरी लिहिलं, गाडी काढली आणि सिग्नलला मान मागे करून विचारलं, उसाचा रस घ्यायचा का. मी नको म्हटलं. मला त्या बाईचा राग आला होता, आणि पप्पांचा त्याहून जास्त. वाटेत मी एक शब्द बोलले नाही. त्यांनाही ते कळलं नसावं, कारण हेल्मेटमध्ये तसंही काही ऐकू येत नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी मोबाइलवर हॉस्टेलची यादी आली. मी एससीची यादी उघडली. एकदा वाचली, परत वाचली, बोट ठेवून वाचली. माझं नाव नव्हतं. मग सर्वसाधारण यादी उघडली. तिथे, वेटिंगमध्ये, शंभराच्याही पुढे, मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला फोन लावला. अकराव्या वेळी उचलला.

"मॅडम, तुमच्या वडिलांनीच जनरल सांगितलं. अलॉटमेंटवर पण ओपन होतं. तरी मी दोनदा विचारलं, नक्की जनरल ना? हो म्हणाले. हसून म्हणाले."

हसून! मी फोन ठेवला आणि संध्याकाळी सहापर्यंत मनात उकळत बसले. मम्मी काही न बोलता जवळच्या कॉलेजचं माहितीपत्रक शोधून माझ्यासमोर ठेवून गेली. माझी दोन वर्षं, माझं कम्प्युटर, सगळं या माणसाच्या एका शब्दात गेलं होतं. तो शब्द त्यांनी का वापरला ते मला कळलं आहे, अशी माझी खात्री होती. मावशींकडे ते गप्प बसले होतेच की.

पप्पा आले. उंबऱ्याशी स्टुलावर बसून त्यांनी सेफ्टी शूजच्या नाड्या सोडायला घेतल्या. मी त्यांना पाणीही दिलं नाही.

"तुम्ही खिडकीत जनरल सांगितलं?"

"कुठल्या खिडकीत?"

"हॉस्टेलच्या! माझं नाव गेलं त्यामुळे. वेटिंगला आहे, शंभराच्या पुढे. आपली यादी वेगळी होती पप्पा! ताकाला जायचं आणि भांडं कशाला लपवायचं? त्या मावशीसमोर पण सिलिंडर बघत बसलात. लाज वाटते का तुम्हाला?"

"कशाची?" त्यांनी खरंच विचारलं.

"आपण जे आहोत त्याची."

एक बूट त्यांच्या हातात राहिला. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज थांबला आणि मम्मी पिठाच्या हातांनी दारात आली. तिने समोरच्या भिंतीवरच्या, निळ्या कोटातल्या तसबिरीकडे हात केला. "तिकडं बघ आधी," ती म्हणाली, "अन् मग काय बोलायलीस ते परत बोल."

मी परत बोलले नाही. पण माघारही घेतली नाही. पप्पा बुटाकडे बघत होते. आतून काहीतरी मोजत असल्यासारखे त्यांचे ओठ हलले.

"थांब," ते म्हणाले. "तो शिफ्ट विचारत होता ना?"

"कोण?"

"साहेब. मला म्हणला, काय करता? मी म्हणलं, कंपनीत आहे, चाकणला. मग कागद बघून म्हणला, जनरल का? मी म्हणलं, हो, जनरल. म्हणला, नक्की जनरल ना? मी म्हणलं, हो साहेब, आधी तिन्ही शिफ्ट केल्या, आता दोन वर्षं झाली, जनरलच. एचआरचं लेटर आहे म्हणलं."

मग मम्मीला हसू फुटलं. ती पिठाचा हात तोंडावर ठेवून हसायला लागली आणि तिचं नाक पांढरं झालं. "एचआरचं लेटर!" ती म्हणाली आणि दाराला टेकून खालीच बसली. मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत किराणावाल्याला सांगून झालं, डेंटिस्टला सांगून झालं, आणि शेवटी नेमकं जिथे तोंड मिटून बसायला हवं होतं तिथेही या माणसाने आपली शिफ्ट सांगितली होती. मला हसू येत नव्हतं. रडूही येत नव्हतं. डोकं नुसतं तापलं होतं.

"आणि मावशी?" मी म्हटलं. मला कुठेतरी जिंकायचं होतं.

पप्पांनी खिशातून तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो पहिल्यांदाच नीट वाचला. तिसऱ्या ओळीत मावशींचा पीजी. जिना ओके. पाणी ओके. उजेड ओके. फायर ओके. अंतर ओके. आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनने, कंपनीत लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत: जात विचारली. रिजेक्ट.

"बाकी पीस कितीबी चांगला असू दे," पप्पा म्हणाले, "एका जागी चीर दिसली की मी लाल लेबल लावतो अन् पुढचा घेतो. तिथं उभं राहून त्याच्याशी भांडत नसतो. अन् तुला तिथं ठेवायचंच नव्हतं, तर तिला आपली माहिती कामून द्यायची?"

मी कागदाची घडी घालून परत दिली. माफी मागायला हवी होती. त्या वयात मला ती मागता यायची नाही, म्हणून मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं आणि म्हणाले, "उद्या हाफ डे टाकतो. जनरलवाल्याला मिळतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्या खिडकीसमोर. मागे वीसेक जणांची रांग, मुली, त्यांचे आईवडील, एक-दोन पंख्याने वारा घालणाऱ्या काकू. माझ्या हातात जातीचा दाखला, त्याच्या पाच झेरॉक्स, बिनलॅमिनेशनच्या. क्लार्कने पप्पांना ओळखलं.

"काका, मी दोनदा विचारलं होतं."

पप्पांचा आवाज शॉपवरचा. प्रेसमशीनच्या धडधडीत ऐकू जावा म्हणून वीस वर्षं वाढवत नेलेला. ते काचेच्या भोकाजवळ तोंड नेऊन बोलले ते पार गेटापर्यंत गेलं असेल.

"साहेब, तुम्ही विचारलं काय करता, मग विचारलं जनरल का. मी माझं सांगितलं. मी जनरलला आहे. लेकरू एससी आहे. ओपनमधून लागली ती मार्कांवर, पण आहे एससी. आम्ही बौद्ध. चूक माझी आहे, तेवढी दुरुस्त करून द्या."

आणि मी मागे वळून बघितलं.

कोणी ऐकलं, ते बघितलं मी. त्या रांगेत उद्या माझ्या वर्गात असणाऱ्या मुली होत्या, आणि त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या कानावर गेलं ते मला बघायचं होतं. एक मुलगी मोबाइलमध्ये होती. एका काकांनी आमच्याकडे बघून परत नोटीस बोर्डाकडे बघितलं. बाकी कुणाला काही पडलेलं नव्हतं, सगळ्यांना आपापल्या नंबरची घाई. मी परत वळले तेव्हा पप्पा काचेकडेच बघत होते. एकदाही त्यांची मान मागे झाली नव्हती. काल घरात मी ज्याला विचारलं होतं, लाज वाटते का, तो माणूस हा. माझे कान गरम झाले आणि मी हातातल्या पाच झेरॉक्स उगाच मोजायला लागले.

क्लार्कला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो खुर्चीत मागे रेलून हसला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाला, "यांना मी कॅटेगरी विचारली, यांनी शिफ्ट सांगितली." त्या बाईही हसल्या. मग त्याने साधा अर्ज लिहून द्यायला सांगितला, रेक्टरची सही आणायला सांगितली, रेक्टर जेवायला गेल्या होत्या, त्या आल्या तर शिक्का दुसऱ्या इमारतीत होता. दुसऱ्या यादीत नाव आलं नाही. मम्मीने डबे घासून ठेवले. महिना संपायला तीन दिवस असताना तिसरी यादी आली आणि तिच्यात, शेवटून दुसरी, मी.

मी पप्पांना फोन केला. मागे मशीनचा आवाज येत होता. "ओके," ते म्हणाले. आणि मग परत, जरा हळू, "ओके."

सामान टाकायच्या दिवशी तिघंही गेलो. खोली दुसऱ्या मजल्यावर, तीन कॉटची, भिंतीला ओल, आणि व्हरांड्यातला लाल सिलिंडर दोन वर्षांपूर्वी संपलेला. पप्पांच्या कागदावर ती खोली पहिल्या झटक्यात लाल झाली असती. पण या वेळी त्यांनी कागद काढलाच नाही. सिलिंडरचं मात्र ते रेक्टरला सांगून आले, आणि परत येताना कुठूनतरी पाना घेऊन आले, कारण पंखा हलत होता. माझ्या नव्या खोलीतलं पहिलं दृश्य म्हणजे माझे वडील टेबलावर चढलेले, बूट खाली, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मी डोळे मिटून घेतले.

शेजारच्या कॉटवर एक मुलगी आणि तिची आई उशांना अभ्रे घालत होत्या. नगरकडच्या. मुलगी लाजरी, आई बोलकी. मम्मी खाली बादली आणायला गेली होती. त्या बाईंनी टेबलावरच्या पप्पांकडे बघितलं आणि मला विचारलं, "काय करतात गं वडील?"

"कंपनीत आहेत. चाकणला."

"हो का? जनरल का?"

मला एकदम हॉस्टेलच्या खिडकीची ती काच आठवली. आणि मग, का कोण जाणे, पण पप्पांच्या त्या शॉपवरच्या आवाजात, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं, मी म्हणाले, "नाही. आम्ही एससी आहोत. बौद्ध."

त्या बाई अभ्रा हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांची मुलगीही.

"अगं पोरी," त्या म्हणाल्या, "मी शिफ्ट विचारतेय. आमच्या ह्यांना अजून रात्रपाळीच आहे."

टेबलावर पाना फिरायचा थांबला. पप्पांनी वरून आधी माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून, खालीवर, आलेला माल बघतात तसं. मग त्या बाईंकडे.

"जनरल, ताई," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."